मधुमेह : जगाचा हिशेब आणि आपले ताट

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो तेव्हा अलीकडे चहाच्या दोन किटल्या ठेवाव्या लागतात. एक साखरेची, दुसरी बिनसाखरेची. पूर्वी दुसऱ्या किटलीची गरज पडत नसे. पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आता पन्नाशीच्या आसपास आले, हे एक कारण झाले. परंतु त्या दुसऱ्या किटलीपाशी पस्तिशीतील, अंगाने सडपातळ अशी मंडळीही दिसू लागतात, तेव्हा वयाचे कारण पुरत नाही. स्मरणिकेची पाने आठवणींसाठी असतात हे खरे. तरीही त्यांतील काही पाने या रोगाला द्यावीत असे आम्हांस वाटले. कारण रोग आपल्या घरात आला आहे आणि त्याच्याविषयीची आपली समजूत मात्र जुनीच राहिली आहे.

ती समजूत अशी, की मधुमेह हा पेढीवर लोडाला टेकून बसणाऱ्यांचा रोग; राबणाऱ्याला आणि कोरडी भाकरी खाणाऱ्याला तो होत नाही. आपल्या आजोबांच्या काळी यात पुष्कळ तथ्य होते. आज ते उरलेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि चेन्नईची मधुमेह संशोधन संस्था यांनी मिळून देशभर जी पाहणी केली, तिचा पंधरा राज्यांचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की महाराष्ट्र, तमिळनाडू आणि चंडीगड येथील शहरी भागांत मधुमेहाचे प्रमाण सुस्थितीतील लोकांपेक्षा गरिबांत अधिक आहे. म्हणजे रोगाने घर बदलले. ज्यांना चांगले अन्न, मोकळा वेळ आणि वेळेवर डॉक्टर परवडतो ते सावरू लागले, आणि ज्यांना यांपैकी काहीच परवडत नाही त्यांच्या दारात तो येऊन बसला.

जगाचा आकडा पाहू. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे ८२ कोटी ८० लाख प्रौढांना मधुमेह होता. १९९० साली ही संख्या याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी होती. या ८२ कोटींपैकी सुमारे २१ कोटी माणसे एकट्या भारतातील. आपल्या देशातील वर उल्लेखिलेल्या पाहणीचा २०२३ साली आलेला अंदाज याहून कमी आहे : १० कोटी १० लाख मधुमेही, आणि आणखी १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मोजण्याची रीत वेगळी म्हणून आकडे वेगळे. पण कोणताही धरला तरी दहा प्रौढांच्या पंगतीत एक तरी मधुमेही बसलेला आहे, हे खरेच. याच पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचा आकडा सुरुवातीच्या टप्प्यात, २०११ साली, साडेसहा टक्के आला होता. खेडे या रोगापासून दूर आहे असे त्या वेळीही म्हणता येत नव्हते.

रोग म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगितलेले बरे. आपण खाल्लेल्या भाकरीचे, भाताचे, साखरेचे पोटात ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. रक्तातून ते स्नायूंच्या आणि इतर अवयवांच्या पेशींत जावे यासाठी इन्शुलिन लागते. पोटामागे असलेले स्वादुपिंड ते तयार करते. लहानपणी होणाऱ्या मधुमेहात हे इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. त्याचा आहाराशी संबंध जोडून आईबापांना दोष देणे सर्वस्वी चूक आहे, आणि अशा मुलाला इन्शुलिनखेरीज दुसरा उपाय नाही. आपण ज्याविषयी बोलत आहोत तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, आणि शंभरातील नव्वदांहून अधिक रुग्ण याच प्रकारचे असतात. यात इन्शुलिन असते, पण यकृतात आणि पोटात साठलेल्या चरबीमुळे ते लागू पडेनासे होते. स्वादुपिंड अधिक राबते, काही वर्षे वेळ मारून नेते आणि मग थकते. ही काही वर्षे माणसाला काहीही जाणवत नाही. खरी अडचण तीच आहे.

आता हा रोग गरिबाकडे कसा आला, हे पाहायचे तर थोडे दूर, अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतात जावे लागेल. तेथे पिमा नावाचे आदिवासी राहतात. ते स्वतःला नदीचे लोक म्हणवतात. हीला नदीच्या पाण्यावर मका, भोपळा आणि कोरड्या हवेत तग धरणारे घेवड्यासारखे एक कडधान्य पिकवून ते शेकडो वर्षे जगले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला गोरे वसाहतवाले आले, त्यांनी पाणी वळवले आणि पिमांची शेती कोरडी पडली. उपासमार झाली. मग सरकारने मदत म्हणून पांढरे पीठ, चरबी, साखर असे पदार्थ वाटले. पुढे काही दशकांनी तपासणी झाली तेव्हा या जमातीतील मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वांत जास्त ठरले. कोणी म्हणेल, त्यांचे रक्तच तसे असेल. परंतु याच जमातीचे काही लोक सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात शेतीवर जगत राहिले होते. २००६ साली दोन्हीकडच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : अमेरिकेतील पिमांत ३८ टक्के, मेक्सिकोतील पिमांत सुमारे ७ टक्के. मूळ एकच, आणि पाणी, काम व ताट मात्र वेगळे. पॅसिफिक महासागरातील नाऊरू या चिमुकल्या बेटाची कथाही याच जातीची. फॉस्फेटच्या खाणीचा पैसा आला, मासेमारी आणि शेती सुटली, डबाबंद अन्न बोटीने येऊ लागले. आणि १९७५ साली डॉक्टरांनी तपासले तर सुमारे एक तृतीयांश प्रौढ मधुमेही निघाले.

पाणी गेले, शेती गेली, उपासमार झाली आणि नंतर पीठ-साखर आली, हा क्रम बीडच्या माणसाला ओळखीचा वाटावा. बालाघाटाच्या डोंगररांगेचा आपला हा भाग पर्जन्यछायेचा. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज, कोणताही तालुका घ्या, दुष्काळाच्या सालांवरून माणसे आपली वये सांगतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पिढी अजून आपल्यात आहे. परदेशातून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी त्यांना आठवते.

त्या पिढीच्या ताटात काय असे? ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, कधी कण्या, कधी अंबील, हुलग्याचे माडगे, शेंगोळे, येसराची आमटी, मटकी-मुगाची उसळ. पावसाळ्यात रानातून खुडून आणलेली तांदुळजा, पाथरी, कुर्डू, चिघळ. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला आणि करडईची भाजी. वर अंबाडी आणि शेवगा. तोंडी लावायला जवसाची, कारळाची चटणी. गव्हाची पोळी सणाला आणि भात लग्नकार्यात. आपल्या वस्तीत यांखेरीज मांसाचे प्रकार असत. त्यांची नोंद कोणी करीत नव्हते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांचे अन्न लिहून ठेवले. ज्या स्वयंपाकात तेल-तूप-दूध जेमतेम किंवा मुळीच नव्हते, त्यात चव कशी आणली जात होती हे पुढच्या पिढीला त्यातून कळेल. मात्र या ताटाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. ते ताट पुष्कळदा अर्धे असे, आणि त्यासाठी घरातल्या बाईला पहाटे तीनला उठून जात्यावर बसावे लागे. ते दिवस परत यावेत असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

बदल कसा झाला, ते क्रमाने आठवून पाहण्यासारखे आहे. ज्वारी-बाजरीच्या आणि तूर-मूग-मटकीच्या रानांत कापूस आला, नंतर सोयाबीन आले, आणि जिथे पाणी पोहोचले तिथे ऊस. यांतील एकही पीक थेट आपल्या चुलीवर जात नाही. सोयाबीन तर प्रथिनांचे भांडार. ते आपण पोत्यात भरून विकतो आणि पिशवीतले तेल विकत आणतो. घरचे कडधान्य संपले तशी डाळ बाजारभावाने घेण्याची वेळ आली, आणि डाळ पातळ होत गेली. दुसऱ्या बाजूने शिधावाटप दुकानाचा गहू-तांदूळ आला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते; जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या धान्याने भूक हटवली. त्याला नावे ठेवणाऱ्यांनी आधी एक महिना त्याच्याविना काढून पाहावा. पण भूक हटवणे वेगळे आणि पोषण करणे वेगळे. दुकानातून पिष्ट मिळते. डाळ, भाजी, अंडे मिळत नाही. परिणामी ताट भरले, पण ते एकाच जिनसेने भरले. सकाळी पोहे किंवा चहा-बटर, दुपारी पोळी आणि भात, संध्याकाळी पुन्हा भात, मधे मुरमुरे, फरसाण, पाव. नावे सहा असली तरी पोटात गेल्यावर बहुतेक सगळ्याचे एकच होते.

या ठिकाणी एका गोष्टीचा खुलासा आवश्यक आहे, कारण ती अलीकडे फार पसरली आहे. भरडधान्याचे महत्त्व सांगणारे लेख आणि भाषणे ऐकून अनेकांना वाटते की पोळी सोडली आणि भाकरी धरली की मधुमेह टळला. भाकरी चांगलीच, तिच्यात चोथा आहे, लोह आहे, आणि ती आपल्या जमिनीत कमी पाण्यावर येते. परंतु वर सांगितलेल्या देशव्यापी पाहणीतूनच २०२५ साली आहारासंबंधीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांचे म्हणणे अधिक सावध आहे. सव्वा लाखाच्या जवळपास प्रौढांच्या आहाराचा विचार त्यात आहे. आपण भारतीय सरासरीने ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून, म्हणजे पिष्ट आणि साखरेतून घेतो. भात काढून त्याच्या जागी तितकेच गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ ठेवल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. तो कमी दिसला कोठे, तर धान्याचा एकूण वाटा थोडा घटवून त्या जागी डाळी-कडधान्यांची किंवा दुधादह्याची प्रथिने आली तेथे. अर्थ सरळ आहे : चार पोळ्यांऐवजी चार भाकरी खाल्ल्याने फारसे बिघडत नाही आणि फारसे सुधरतही नाही. चाराच्या अडीच झाल्या, आणि वाटीभर घट्ट उसळ व मूठभर पालेभाजी ताटात आली, तर मात्र हिशेब बदलतो.

प्रमाणाची ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात राजा पसेनदिची कथा येते. तो द्रोणभर भात जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला भात सोडायला सांगितले नाही. भोजनाची मात्रा जाणण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावून रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली. हळूहळू त्याचा आहार एका नाळीएवढ्या भातावर आला आणि शरीर हलके झाले. उपवास नाही आणि एखाद्या पदार्थावर बहिष्कारही नाही; फक्त मात्रा, आणि तीही हळूहळू. आजचा आहारतज्ज्ञ याहून वेगळे सांगत नाही, फक्त शुल्क घेतो.

तरीही प्रश्न उरतोच. ॲरिझोनाचे पिमा किंवा अमेरिका-युरोपातील मधुमेही बहुधा स्थूल असतात. आपल्याकडे मात्र पंचावन्न किलोच्या, हातापायांच्या काड्या दिसणाऱ्या माणसाला मधुमेह कसा होतो? याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम आपल्याच राज्यात, पुण्याच्या केईएम रुग्णालयात झाले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची गर्भारपणापूर्वीपासून नोंद ठेवली आणि त्यांना झालेल्या मुलांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला. या मुलांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आश्चर्य पुढेच आहे. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ टिकून होती. अशा बाळाचे वर्णन शास्त्रज्ञांनी ‘कृश तरी मेदयुक्त’ अशा अर्थाने केले. आईला अन्न कमी मिळाले की गर्भ काटकसर करतो. मेंदू सांभाळतो, थोडी चरबी साठवतो, आणि स्नायू व स्वादुपिंड यांवरचा खर्च कापतो. पुढेही उपासमारच असेल तर ही काटकसर उपयोगी पडते. पुढे जर भात, साखर आणि बैठे काम मिळाले तर लहान स्वादुपिंडाला तो भार पेलत नाही.

याच डॉ. याज्ञिकांनी लंडनचे आपले मित्र डॉ. युडकिन यांच्याबरोबर स्वतःची तपासणी करून २००४ साली एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात आपला जोडफोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के. म्हणून वजनकाटा आपल्याला फसवतो. आपल्या लोकांनी कंबर मोजावी : पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीची ८० च्या वर गेली, की वजन कितीही असो, रक्त तपासून घ्यावे.

गर्भातील उपासमारीचा परिणाम पन्नास वर्षांनी दिसतो, याचा पुरावा हॉलंडमधील आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे अन्न तुटले. त्या महिन्यांत जे आईच्या पोटात होते, त्यांची पन्नाशीत तपासणी झाली तेव्हा साखर पचवण्याची त्यांची क्षमता मागेपुढे जन्मलेल्यांपेक्षा कमी आढळली. आपल्याकडे १९७२-७३ मध्ये खडी फोडणाऱ्या आयांच्या पोटात जी मुले होती ती आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांतील कितीतरी आपल्या शाळेतील मुलांचे पालक आणि आजीआजोबा आहेत.

आणि ही गोष्ट १९७२ ला संपलेली नाही. पुण्याच्या त्याच अभ्यासात दिसले की गर्भारपणात जी स्त्री अधिक कष्टाचे काम करते तिचे बाळ लहान जन्मते. आणि जी हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध अधिक वेळा खाते तिचे बाळ मोठे. आता फडात ऊस तोडणारी, मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढणारी गरोदर बाई डोळ्यांसमोर आणा. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतलेली असते, खाडा केला तर पैसे कापले जातात. पहाटे केलेली भाकरी आणि ठेचा किंवा बेसन, आणि दिवसभर चहा. कोपीभोवती पालेभाजी लावायला जागा नसते, आणि बाजार आठवड्याचा. जिच्या कोयत्यावर जगाच्या चहाची साखर निघते, तिच्या पोटातले मूल मधुमेहाची तयारी करून जन्माला येते, हे विधान कठोर वाटेल. पण वरचे सगळे निष्कर्ष त्याच दिशेला बोट दाखवतात. म्हणून मधुमेहाविरुद्धची पहिली लढाई आमच्या मते पन्नाशीच्या पुरुषाच्या चहाच्या कपात होत नाही, तर विशीतल्या गरोदर सुनेच्या ताटात होते. घरात एकच अंडे असेल तर ते तिला द्यावे. आपल्याकडे अजूनही ती सर्वांच्या मागून जेवते.

साखरेविषयी दोन शब्द. साखर खाल्ली की दुसऱ्या दिवशी मधुमेह होतो असे नाही, आणि साखर सोडली की तो जातो असेही नाही. परंतु ती निरुपद्रवी नक्कीच नाही. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून साखरेवर रेशन होते. सप्टेंबर १९५३ मध्ये ते उठले आणि साखरेचा खप झपाट्याने वाढला. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या हजारो लोकांची तुलना २०२४ साली प्रसिद्ध झाली. गर्भावस्था आणि पहिली दोन वर्षे ज्यांनी रेशनच्या दिवसांत काढली, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता. आपल्याकडे वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला बशीतल्या चहात बिस्किट बुडवून भरवतात आणि मूल शांत झाले म्हणून समाधान मानतात. ही सवय मोडण्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला साधारण ५० ग्रॅम, आणि शक्य तर २५ ग्रॅम सांगितली आहे. दोन चमचे साखरेचा एक कप चहा म्हणजे सुमारे १० ग्रॅम. पाच कप झाले की मर्यादा संपली, आणि पाच कप तर पाहुण्यांच्या गावाला सकाळीच होतात. गूळ घातला म्हणजे चालते, अशी पळवाटही नाही. रक्ताला गूळ आणि साखर यांतला फरक जवळपास कळत नाही.

आपल्या माजी विद्यार्थ्यांचा विचार करताना आम्हांस एका वळणाची विशेष काळजी वाटते. बाप ऊसतोड करणारा किंवा रोजंदारीवर जाणारा. मुलगा शिकला, शिक्षक झाला, पोलिसात, बँकेत, एसटीत लागला. एका पिढीत कष्टाचे शरीर खुर्चीवर आले. भूक मात्र बापाचीच राहिली. पाच भाकरींची सवय एका पिढीत जात नाही. त्यात पगार, मोटारसायकल, हॉटेलातला नाश्ता आणि घरी आईची ‘पोरगा वाळलाय’ ही हाक. शिक्षणाने मिळवलेले स्थैर्य चाळिशीतच औषधाच्या दुकानात जाऊ लागते. असे घर एकट्या त्या माणसाचे नसते; मागची दोन-तीन कुटुंबे त्याच्या पगाराकडे पाहत असतात.

या रोगाशी झुंजत काम कसे करतात, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्यासमोर आहेच. बाबासाहेबांना मधुमेह होता. संविधानाच्या कामाच्या त्या वर्षांत त्यांचे पाय दुखत, झोप लागत नसे, इन्शुलिन घ्यावे लागे. उपचारासाठी मुंबईला आले असता डॉ. शारदा कबीर यांची भेट झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला आणि माईसाहेबांनी पुढे त्यांचे पथ्यपाणी सांभाळले. १९५४ साली जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळले होते, दृष्टी मंदावली होती. याच काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे लेखन चालू होते. इन्शुलिनचा शोध १९२१ मधला. त्या वेळी रक्तातली साखर घरी मोजण्याचे यंत्र नव्हते, आजच्या गोळ्याही नव्हत्या. आज आपल्या गावच्या उपकेंद्रात तीस वर्षांवरील कोणाचीही साखर मोफत तपासली जाते. बाबासाहेबांना जे मिळाले नाही ते आपल्याला फुकट मिळत असून आपण तिकडे फिरकत नाही.

तिशी उलटली की वर्षातून एकदा ही तपासणी करावी. आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल किंवा गर्भारपणात साखर वाढली असेल, तर त्याही आधी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, तपासणीचे ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी साडेसहा किंवा अधिक आले, तर ती मधुमेहाची पातळी होय; दुसऱ्या तपासणीने ती पक्की करून घ्यावी. उपाशीपोटी १०० ते १२५ असेल तर तो उंबरठा. येथून ताट आणि चालणे बदलून पुष्कळ लोक मागे फिरतात. उंबरठा ओलांडल्यावर गोळी लागते. ती लाज वाटून घेण्याची वस्तू नाही, आणि कारल्याचा रस हा तिला पर्याय नाही. गोळी बंद करून काढा सुरू केलेले रुग्ण किडनी आणि डोळे गमावून बसलेले आम्ही पाहिले आहेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांसाठी चार गोष्टी वेगळ्या सांगणे भाग आहे, कारण दसऱ्यानंतर टोळी निघाली की मार्च-एप्रिलपर्यंत गावचा दवाखाना दूर राहतो आणि बहुतेकांची गोळी तेथेच तुटते. निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी, मिळतील तेवढ्या दिवसांच्या गोळ्या आणि औषधाची चिठ्ठी सोबत ठेवावी; कारखान्याच्या परिसरातील सरकारी आरोग्य केंद्रात ती चिठ्ठी दाखवून पुढची औषधे मागावीत. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी जोरदार गोळी चालू असणाऱ्याने पहाटे उपाशीपोटी फडात उतरू नये. अंगाला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर खाली गेली असे समजून ताबडतोब साखर किंवा गूळ खावा. त्या वेळी तेच औषध असते. कोपीवर गरोदर बाई असेल तर तिची साखर आणि रक्त दोन्ही तपासून घ्यावे, आणि मोळी वाहण्याचे काम तिच्याकडे देऊ नये. हे मुकादमाला निघण्यापूर्वीच बजावून ठेवावे. आणि पाय सांभाळावेत. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना जाते. तोडलेल्या उसाचे बुडखे बोथट कोयत्याइतकेच धारदार असतात, पण पायात घुसले तरी कळत नाहीत. जखम चिघळते आणि हंगाम संपेपर्यंत बोट किंवा पाय काढण्याची पाळी येते. अनवाणी किंवा चपलेवर फडात जाऊ नये, बंद बूट घालावेत. रात्री पाय धुऊन, कोरडे करून, बॅटरीच्या उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला वाकून दिसत नसेल तर जोडीदाराने पाहाव्यात.